काळ्या रानात कोळसा कशाला?

शेतीच्या मासिकांत, कृषी प्रदर्शनांत आणि गावोगावच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर बायोचारची जी बाजू मांडली जाते ती साधारण अशी. पऱ्हाटी, तुराटी, भाताचं तूस असा काडीकचरा उघड्यावर पेटवून न देता हवा कोंडून जाळला की त्याचा कोळसा होतो. तो मातीत घातला की सेंद्रिय कर्ब वाढतो, ओल टिकते, खतं वाहून जात नाहीत आणि उत्पादनात घसघशीत भर पडते. अ‍ॅमेझॉनच्या जंगलातल्या लोकांनी दोन हजार वर्षांपूर्वी हेच केलं आणि तिथली माती आजही कसदार आहे. वर, कोळशातला कर्ब शेकडो वर्षं जमिनीत पडून राहतो म्हणून परदेशी कंपन्या त्याचे पैसे मोजतात. जमीन सुधारते, पीक वाढतं, हवामानाचं भलं होतं आणि हातात चार पैसे येतात.

एका वस्तूने चार कामं होतात असं कोणी म्हणत असेल तर चारही कामांचा पुरावा वेगवेगळा मागितला पाहिजे. इथे तो मागितला जात नाही. कर्ब साठून राहतो या दाव्याचा पुरावा भक्कम आहे आणि त्याच्याच जोरावर पीकवाढीचा दावाही खपवला जातो. माझं म्हणणं असं की पहिला दावा टिकतो. दुसरा महाराष्ट्राच्या काळ्या जमिनीपुरता तरी टिकत नाही. आणि या दोहोंची सरमिसळ निरुपद्रवी नाही. जो माल शेतकऱ्याने दुसऱ्याच्या गरजेसाठी तयार करायचा, तो त्याच्याच फायद्याचा आहे असं सांगितलं की त्याच्या मजुरीचा प्रश्नच कोणी काढत नाही.

अ‍ॅमेझॉनपासून सुरुवात करू, कारण प्रत्येक पत्रक तिथूनच सुरू होतं. ब्राझीलमध्ये नदीकाठच्या उंचवट्यांवर काळ्या मातीचे तुकडे आढळतात. त्यांना पोर्तुगीजमध्ये ‘तेर्रा प्रेता’ म्हणतात. डच मृदाशास्त्रज्ञ विम सोम्ब्रुक यांनी १९६६ साली आपल्या ग्रंथात त्यांची नोंद केली. पुढे ब्रुनो ग्लासर, योहानेस लेहमान अशा संशोधकांनी ही माती प्रयोगशाळेत नेली. शेजारच्या मातीच्या तुलनेत तिच्यात कोळशाचा कर्ब ७० पटींपर्यंत जास्त भरतो, हे ग्लासर यांनी दाखवलं. हा आकडा पत्रकात असतो. त्याच मातीत खापरं, माशांचे काटे, जनावरांची हाडं, चुलीची राख आणि माणसांच्या मलमूत्राचे अंश सापडतात, ते मात्र पत्रकात नसतं. पत्रक लिहिणाऱ्यांना खापरं आणि हाडं आवडत नसावीत. वास्तविक त्या मातीतलं स्फुरद आणि कॅल्शियम प्रामुख्याने या हाडाकाट्यांतून आलं. पिढ्यान्‌पिढ्या वस्तीचा उकिरडा जिथे पडत राहिला तिथली ती माती आहे. कोळसा ही त्यातली कणगी होती. धान्य रोज दुसरीकडून येऊन पडत होतं.

आणि ती कणगी तिथे एवढी उपयोगी का पडली, हेही पाहायला हवं. तेर्रा प्रेताच्या शेजारची माती लालपिवळी, पावसाने धुपून निघालेली, आम्ल आणि अ‍ॅल्युमिनियमने मुळं जाळणारी आहे. अन्नद्रव्यं धरून ठेवण्याची तिची ताकद नगण्य. अशा मातीत अल्कधर्मी आणि सच्छिद्र असं काहीही घाला, फरक दिसणारच.

आता यवतमाळ, अमरावती किंवा परभणीचं काळं रान घ्या. सामू ७.८ ते ८.५, पुष्कळ ठिकाणी चुनखडी, आणि स्मेक्टाइट जातीची चिकणमाती. धनायन विनिमय क्षमता म्हणजे अमोनियम, पालाश, कॅल्शियम असे कण मातीने धरून ठेवण्याची ताकद. ती इथे शंभर ग्रॅम मातीमागे ४० ते ६० मिलिइक्विव्हॅलंट असते. जगातल्या वरच्या दर्जाच्या आकड्यांपैकी हा एक आहे. कोळशाचा सामू बहुधा ८ ते १० असतो. म्हणजे जी माती आधीच अल्कधर्मी आहे तिला आणखी अल्क द्यायचा, आणि जी अन्नद्रव्यं घट्ट धरून बसते तिला धरायला शिकवायचं! पाण्याचंही तेच. कोळशाच्या छिद्रांचा फायदा वाळूसर, हलक्या मातीत ठळक दिसतो. भारी चिकण मातीत तो बराच कमी होतो. तिथे पाणी धरलं जात नाही ही तक्रार कधीच नव्हती. पाणी निचरत नाही, आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, ही तक्रार आहे.

जाता जाता एक सांगून ठेवतो. काळी माती काळी आहे म्हणून ती कर्बाने भरलेली असते असं समजणारे बरेच भेटतात. तिच्यात सेंद्रिय कर्ब पुष्कळदा ०.३ ते ०.६ टक्के एवढाच निघतो. कोकणातल्या लालसर मातीत त्याहून जास्त सापडतो. मातीचा कस रंगावरून ठरवायची सवय कोळशाच्या बाबतीतही आडवी येते.

यावर पूर्वपक्ष एक आकडा पुढे करतो. २०१७ साली सायमन जेफरी आणि सहकाऱ्यांनी जगभरच्या प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला. बायोचारने उष्ण कटिबंधात उत्पादन सरासरी २५ टक्के वाढलं, समशीतोष्ण कटिबंधात सरासरी काहीच वाढलं नाही, असा त्याचा निष्कर्ष. आपण उष्ण कटिबंधात राहतो, तेव्हा २५ टक्के आपलेच, असा हिशेब लगेच मांडला जातो. पण पिकाला अक्षांश कळत नाहीत. त्याच अभ्यासात कारण दिलेलं आहे: उष्ण कटिबंधातल्या ज्या मातींत प्रयोग झाले त्या बहुतांशी आम्ल आणि निकस होत्या, आणि कोळशाने तिथे चुन्याचं व थोडं खताचं काम केलं. विदर्भ-मराठवाड्याची काळी माती नकाशावर उष्ण कटिबंधात असली तरी रसायनाच्या दृष्टीने ती समशीतोष्ण कटिबंधातल्या त्या मातींच्या जवळ बसते, जिथे सरासरी वाढ शून्य होती. सरासरीचा आकडा वापरताना आपण त्या सरासरीत कुठे उभे आहोत हे पाहायचं असतं.

आता मात्रेचा हिशेब. जिथे ठळक परिणाम दिसले त्या प्रयोगांपैकी कितीतरींत कोळसा हेक्टरी १० टन किंवा त्याहून जास्त घातलेला आहे. म्हणजे एकरी ४ टन. कोरडवाहू कपाशीच्या एकरातून वाळलेली पऱ्हाटी निघते साधारण १ टन. तिचा कोळसा होतो २५ टक्के, म्हणजे २५० किलो. प्रयोगातली मात्रा गाठायला त्याच रानाची १६ वर्षांची पऱ्हाटी लागेल, आणि तीही चुलीत एक काडी न घालता. सेंद्रिय कर्ब ०.४ वरून १ टक्क्यावर न्यायचं स्वप्न दाखवतात, त्याचंही गणित करून पाहा. एकराच्या वरच्या १५ सेंटिमीटर मातीचं वजन सुमारे ८५० टन. तिच्यात ०.६ टक्के कर्ब वाढवायचा म्हणजे ५ टन शुद्ध कर्ब, म्हणजे ७ टन कोळसा, म्हणजे २८ वर्षांची पऱ्हाटी. प्रदर्शनातला विक्रेता अर्थात पिशवी देतो. किती पिशव्या, हे आपण विचारायचं.

शिवाय तो कर्ब कोणता? मृद आरोग्य पत्रिकेवर जो सेंद्रिय कर्ब छापून येतो तो बहुतेक ठिकाणी वॉकली-ब्लॅक पद्धतीने मोजलेला असतो. त्यात डायक्रोमेट आणि गंधकाम्ल घालून मातीतला सेंद्रिय भाग जाळतात. कोळशाचा कर्ब त्या आम्लाला पूर्ण दाद देत नाही, तो अर्धामुर्धाच मोजला जातो. म्हणजे शेतकऱ्याने इमानाने कोळसा घातला तरी पत्रिकेवरचा आकडा त्या प्रमाणात हलणार नाही. आणि हलला तरी काय? सेंद्रिय कर्ब आपण मोजतो तो जिवाणूंच्या अन्नाचा अंदाज यावा म्हणून. कोळसा शेकडो वर्षं टिकतो याचा अर्थच असा की जिवाणूंना तो खाता येत नाही. एकीकडे ‘हा कर्ब कुजत नाही’ म्हणून कर्ब-क्रेडिट, म्हणजे साठवलेल्या कर्बाची पावती, विकायचं आणि दुसरीकडे ‘हा कर्ब जमीन जिवंत करतो’ म्हणून पिशवी विकायची, ही दोन वाक्यं एकाच तोंडी शोभत नाहीत.

नत्राचंही सांगायला हवं. काडी ४५०-५०० अंशांवर तापली की तिच्यातल्या नत्राचा मोठा वाटा धुराबरोबर उडून जातो. पालाश आणि स्फुरद राखेत राहतात, नत्र तेवढं राहत नाही. जे राहतं ते कोळशाच्या सांगाड्यात अडकलेलं असतं. उलट ताजा कोळसा मातीतलं अमोनियम स्वतःकडे ओढून घेतो आणि पहिल्या हंगामात पीक पिवळं पडू शकतं. म्हणून शेणकाल्यात, गोमूत्रात किंवा कंपोस्टच्या ढिगात मुरवून घाला, असं सांगतात. सल्ला बरोबर आहे. फक्त त्यानंतर जो फायदा दिसेल त्यातला शेणाचा किती आणि कोळशाचा किती, हे विचारणं चालू ठेवलं पाहिजे.

पूर्वपक्षाकडे याला एक चांगलं उत्तर आहे आणि ते टाळून चालणार नाही. हान्स-पीटर श्मिट आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये नेपाळातला एक प्रयोग प्रसिद्ध केला. हेक्टरी फक्त ७५० किलो कोळसा, गोमूत्रात भिजवलेला, भोपळ्याच्या मुळाशी. उत्पादन हेक्टरी ८० टनांच्या वर गेलं. नुसतं गोमूत्र दिलेल्या वाफ्यांच्या चौपट. ही मात्रा म्हणजे एकरी ३०० किलो, आपल्या एका एकराच्या पऱ्हाटीत जवळजवळ बसते. तेव्हा माझं १६ वर्षांचं गणित इथे लागू पडत नाही, हे मान्य. पण हा प्रयोग काय सांगतो? गोमूत्रातलं नत्र एरवी हवेत उडून जातं किंवा पाण्याबरोबर जातं. कोळशाने ते मुळाशी धरून ठेवलं. खत गोमूत्र होतं. परसातल्या वेलांना, वांग्या-टोमॅटोच्या सरींना, फळझाडांच्या खड्ड्यांना ही रीत जरूर करून पाहावी. एका भाजीपिकावरून कापसाच्या पाच एकरांना २५ टक्क्यांची हमी मात्र देता येत नाही.

खरं तर या वादात आपल्याकडे एक जुनं आणि फार चांगलं उदाहरण आहे, पण ते कोणी काढत नाही. अ‍ॅमेझॉन जास्त दिमाखदार वाटत असावं. कोकणात आणि मावळात भाताच्या रोपांची जागा भाजायची पद्धत आहे. कोणी राब म्हणतं, कोणी दाढ भाजणं, कोणी भाजावळ. होळीच्या आगेमागे झाडांची कवळं, म्हणजे पानांसकट डहाळ्या, तोडून वाळवायची, तरव्याच्या, म्हणजे रोपांच्या, जागेवर शेण, कवळं, पातेरा, गवत असे थर द्यायचे, वर बारीक मातीचा पातळ थर पसरायचा आणि वारा जिकडे जातो त्या बाजूने पेटवायचं, म्हणजे आग वाऱ्याच्या तोंडाला सावकाश सरकत येते. ज्वाळा उठता कामा नये. धुमसत राहिलं पाहिजे. वरच्या मातीने हवा कोंडते आणि खाली राखेबरोबर बराचसा काळा कोळसा राहतो. पाऊस पडला की तिथली रोपं गर्द हिरवी, जोमदार येतात आणि तण जवळजवळ नसतं.

इंग्रजी अमलात जंगल खात्याला या कवळतोडीचा राग होता. ठाणे-कुलाब्याच्या जंगलांवरून १८८० च्या दशकात जो वाद झाला त्यात राब हा मोठा मुद्दा होता. फोल्कर यांच्या भारतीय शेतीवरच्या १८९३ च्या अहवालातही त्याची चर्चा आहे. पण माझ्या मते सगळ्यांत मोलाचं काम झालं ते पुण्याच्या शेतकी कॉलेजात. हॅरल्ड मॅन, जोशी आणि कानिटकर यांचा राबावरचा निबंध १९१२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांनी विचारलेला प्रश्न आजही ताजा आहे: रोपं जोमात येतात ती राखेतल्या क्षारांमुळे, की मातीला बसलेल्या आचेमुळे? आच लागल्याने मातीत काय बदलतं? म्हणजे परिणाम खरा आहे हे धरून त्याची कारणं सुटी करायची. बायोचारच्या आजच्या प्रचारात हीच शिस्त हरवली आहे. कोळसा, राख, शेण, चुन्याचा गुण, पाणी, आणि प्रयोग आहे म्हणून शेताकडे दिलेलं जास्तीचं लक्ष, हे सगळं एकाच ‘बायोचारचा परिणाम’ या नावाखाली जमा होतं.

पुढे डॉ. नारायण सावंत यांनी ‘चारसूत्री’ भात लागवड मांडली. तिचं पहिलंच सूत्र भाताचे अवशेष भाताला परत देण्याचं आहे, आणि त्यात रोपवाटिकेच्या गादीवाफ्यावर चौरस मीटरला अर्धा ते एक किलो तुसाची काळी राख घालायला सांगितलं आहे. ही काळी राख म्हणजे अर्धवट जळालेलं तूस, आजच्या भाषेत बायोचारच. पण सावंतांनी ती कर्बासाठी सुचवली नव्हती. तुसात सिलिका भरपूर असते. ती रोपाला मिळाली की पान ताठ राहतं आणि रोप कणखर होतं. कारण नेमकं, जागा नेमकी, मात्रा नेमकी. चार गुंठ्यांच्या रोपवाटिकेपुरती तुसाची राख गिरणीवरून आणता येते. बायोचारचा प्रसार करायचाच असेल तर तो असा करावा.

कोकणची जांभ्याची माती आम्ल आहे, पाऊस अडीच-तीन हजार मिलिमीटर आहे, अन्नद्रव्यं धुऊन जातात. अ‍ॅमेझॉनशी तुलना करायचीच तर ती इथे शोभते. नेपाळच्या त्या प्रयोगातला कोळसा एका आगंतुक झुडपापासून केलेला होता. पूर्वी त्याला आणि कोकणच्या रानमोडीला वनस्पतिशास्त्र एकाच वंशात (जीनसमध्ये) बसवत असे. रानमोडी दरवर्षी तोडून फेकली जाते. ऐनाची, किंजळीची कवळं न तोडता रानमोडीचा कोळसा करून आंब्या-काजूच्या आळ्यांत आणि तरव्यात घालून पाहण्यासारखा आहे. हे मी सुचवतो आहे; सिद्ध झालंय असं म्हणत नाही.

इथवर वाचून दुसरा गट खूश होईल. त्यांचं मत पूर्वीपासून असं की जाळणं हाच गुन्हा. शेतातलं शेतातच कुजू द्यावं, कोळसा करून जमिनीच्या तोंडचा घास काढू नये. जमिनीचं अन्न म्हणून हे बरोबर आहे आणि उसाच्या पाचटाच्या बाबतीत तर शंभर टक्के बरोबर आहे. हेक्टरी ८-१० टन पाचट सरीत पसरलं की ओल टिकते, तण दबतं आणि वर्षभरात ते कुजूनही जातं. पुण्याच्या आरती संस्थेने, डॉ. आनंद कर्वे यांच्या नेतृत्वाखाली, पाचटाचा कोळसा करून त्याच्या कांड्या चुलीसाठी बनवण्याचं तंत्र उभं केलं आणि त्यासाठी २००२ चं अ‍ॅश्डेन पारितोषिक मिळवलं. ते जळणाच्या प्रश्नावरचं उत्तर होतं आणि त्या प्रश्नावर ते चांगलं होतं. आज पाचटाचा कोळसा करून जमिनीत पुरायला कोणी सांगत असेल तर मी नको म्हणेन.

पण कुजवल्याने कर्ब जमिनीत साठतो, असं जेव्हा हा गट म्हणतो तेव्हा तोही चुकतो. डेव्हिड जेंकिन्सन आणि अयानाबा यांनी १९७७ मध्ये कर्बावर खूण केलेलं एकच गवत इंग्लंडमध्ये रॉथमस्टेडच्या आणि नायजेरियाच्या मातीत कुजवून पाहिलं. कुजण्याची तऱ्हा दोन्हीकडे तीच होती, नायजेरियात वेग मात्र चौपट होता. आपल्याकडच्या उन्हात नि पावसात काडीतला बहुतेक कर्ब एक-दोन वर्षांत पुन्हा हवेत जातो. जिवाणू जगले, पिकाला मिळालं, उत्तम झालं. पण साठा झाला नाही. कोळशाचं याच्या उलट आहे. हवामानबदलावरच्या आंतरसरकारी समितीने २०१९ मध्ये देशांच्या हिशेबासाठी जे सुधारित कोष्टक दिलं, त्यात ४५० ते ६०० अंशांवर केलेल्या कोळशातला ८० टक्के कर्ब शंभर वर्षांनंतरही मातीत उरेल असं धरलं आहे; ६०० अंशांच्या वर ८९ टक्के, ३५० ते ४५० मध्ये ६५ टक्के. डॉमिनिक वुल्फ, लेहमान आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये अंदाज केला होता की अन्नाला आणि जमिनीला धक्का न लावता जगभर बायोचार केला तर माणसाच्या हरितवायू उत्सर्जनाच्या १२ टक्क्यांइतकी भरपाई होऊ शकेल. ही कमाल मर्यादा आहे, भाकीत नाही. तरी दावा पोकळ नाही.

तेव्हा कोळसा करायचा कशाचा? जे कुजायला चिवट आणि शेतात ठेवायला धोक्याचं, त्याचा. पऱ्हाटी या दोन्ही कसोट्यांना उतरते. २०१७ मध्ये शेंदरी बोंडअळीने महाराष्ट्राचा कापूस पोखरला, तेव्हापासून फरदड घेऊ नका, हंगाम संपला की पऱ्हाटी उपटा, बांधावर रचून ठेवू नका, असं दरवर्षी सांगितलं जातं. कारण किडक्या बोंडांत अळी सुप्तावस्थेत पडून राहते आणि पुढच्या हंगामाला उठते. उपटलेली पऱ्हाटी बहुतेक शेतकरी बांधालाच पेटवून देतात. तिचा कोळसा केला तर आजच्यापेक्षा सगळ्याच बाजूंनी बरं. यातही एक पेच आहे आणि तो भट्टीवाल्यांनी लपवू नये: पऱ्हाटी नीट जळायला तीन-चार आठवडे वाळावी लागते, आणि अळीचा सल्ला रचून ठेवू नका असा आहे. उपटण्याआधी रानात शेळ्या-मेंढ्या सोडून उरलीसुरली बोंडं खाऊ घालणं हा त्यावरचा सर्वांत स्वस्त उपाय. शिवाय कापूसपट्ट्यातल्या कितीतरी घरांची चूल अजून पऱ्हाटीवर पेटते. बिनजमिनीची बाई ज्या रानात वेचणी करते तिथून मोळीही नेते. सगळी पऱ्हाटी भट्टीत गेली तर तिने सरपण कुठून आणायचं, याचं उत्तर कर्बाच्या कोणत्याही कोष्टकात नाही.

भट्टी फार महाग पडत नाही. हैदराबादच्या ‘क्रिडा’ या कोरडवाहू शेती संशोधन संस्थेने ड्रमची भट्टी तयार केलेली आहे, आणि साधा निमुळता खड्डाही चालतो. आग वरून लावायची. ज्वाळेचा पडदा वर राहिला की खालच्या काडीतून निघणारा वायू त्यात जळून जातो आणि वरची हवा खाली पोचत नाही. काड्यांवर पांढुरकी राख दिसू लागली की पुढचा थर टाकायचा; उशीर केला तर राखच हाती येते, घाई केली तर ज्वाळ दबून धूर सुटतो. खड्डा भरला की पाणी ओतून विझवायचं. फेब्रुवारी-मार्चात विदर्भात या कामाला काही पिंप पाणी लागतं, ते मातीने झाकून वाचवता येतं, पण मग आतली आग दुसऱ्या दिवसापर्यंत कोळसा खात बसत नाही ना हे पाहावं लागतं. नीट झालेला तुकडा हलका असतो, दुसऱ्यावर आपटला की खणखणतो, आणि हातावरचा काळेपणा नुसत्या पाण्याने निघतो. बोटांना चिकट, तेलकट लागला आणि धुराचा वास आला तर डांबर आत राहिलंय.

धुराचा मुद्दा बारीक वाटतो, पण सगळा हिशेब त्यावर उलटू शकतो. एकराच्या २५० किलो कोळशात ७० टक्के कर्ब धरला तर १७५ किलो. कार्बन डायऑक्साइडच्या भाषेत ६४० किलो. शंभर वर्षांचे ८० टक्के म्हणजे अर्ध्या टनाला थोडं वर. आता भट्टी धुरकट होती आणि किलोभर कोळशामागे ३० ग्रॅम मिथेन सुटला असं धरा. २५० किलोला साडेसात किलो मिथेन, आणि शंभर वर्षांच्या हिशेबात मिथेन २८ पट जड: २१० किलो वजा. अर्ध्या टनाचे राहिले ३०० किलो. ओल्या काड्यांच्या घाईच्या भट्टीत उरलेलंही जाईल.

म्हणून पैशाचं बोलणं आधी झालं पाहिजे. बाजार खोटा नाही. जानेवारी २०२५ मध्ये गूगलने ‘वराह’ या भारतीय कंपनीकडून २०३० पर्यंत १ लाख टनांची कर्ब-क्रेडिट्स घेण्याचा करार जाहीर केला. ती भारतातल्या शेतकचऱ्याच्या बायोचारमधूनच यायची आहेत. टनाला १०० डॉलर आणि डॉलरला ८५ रुपये धरले तर एकराच्या अर्ध्या टनाचे सव्वाचार हजार होतात. त्यातून पऱ्हाटी उपटणं, वाहणं, भट्टीवरची दोन माणसं, प्रयोगशाळेची तपासणी, त्रयस्थ पडताळणी आणि मधल्या कंपनीचा वाटा वजा करायचा. जे उरेल ते शेतकऱ्याचं, अशी सध्याची उतरंड आहे. ती उलटी हवी: पऱ्हाटीचा दर आणि मजुरी आधी, बाकी नंतर. ‘तुमच्या जमिनीला फायदा होतोच आहे’ हे वाक्य या सौद्यात भाव पाडायला वापरलं जातं, आणि काळ्या रानात त्या वाक्याला आधार नाही.

करारावर सही करण्यापूर्वी चार गोष्टी मराठीत लिहून घ्याव्यात. क्रेडिट कोणाच्या नावावर निघणार, आणि बाजारभाव चढला तर शेतकऱ्याचा दर चढणार का. कोळसा कोणाच्या रानात पुरायचा. तयार करणाऱ्याच्याच रानात पुरला पाहिजे अशी सक्ती नसावी, कारण भारी जमिनीपेक्षा तो मुरमाड बरडीला किंवा घाटाखालच्या भातखाचराला जास्त लागेल. त्याच रानात पुढे नांगरट केली, विहीर खोदली किंवा जमीन विकली तर शंभर वर्षांची हमी कोणाच्या गळ्यात. आणि पडताळणीत भट्टी धुरकट ठरून क्रेडिट कापलं गेलं, तर ज्याने दिवसभर धुरात उभं राहून थर टाकले त्याची मजुरी कापली जाणार की कंपनीचा नफा.